घोडा, ट्रक आणि खोकला

खोटं बोलणं मला जमत नाही. यात सद्गुणाचा भाग थोडा आणि कानांचा जास्त. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. नोकरीत असताना "काल ताप होता" असं सांगून मी रजेचा अर्ज पुढे केला, की साहेब माझ्या कानांकडे बघत आणि "अहो, अजून उतरलेला दिसत नाही" म्हणून आणखी एका दिवसाची रजा स्वतःहून मंजूर करत. पापाला असं फळ यायला लागलं की भित्रा माणूस घाबरतो. मी खोटं बोलणं सोडून दिलं.

गप्प बसणं मात्र मला उत्तम जमतं. गप्प बसताना कान लाल होत नाहीत. मित्र स्वतःची कविता वाचून दाखवतो, मी गप्प बसतो. शेजारी नवीन सोफ्याची किंमत सांगतात, मी गप्प बसतो. ही नवी साडी नेसून "कशी दिसते?" असं विचारते, तिथे मात्र गप्प बसून भागत नाही, पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे. सांगायचं ते असं, की गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी माझी गेली बासष्ट वर्षं ठाम समजूत होती आणि त्या समजुतीवर माझा संसार, नोकरी आणि शेजारधर्म व्यवस्थित चालले होते. ती समजूत एका ट्रकने मोडली. नेमकं बोलायचं तर ट्रकच्या पोटाखालच्या वीतभर लोखंडाने.

ट्रक माझा नव्हे. माझ्यासारख्याच्या नावावर सायकलच्या वर काही शोभत नाही. ट्रक आमच्या मेहुण्यांचा. त्यांचा ताथवड्यात मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. ताथवडं ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मुंबई-बंगळूर महामार्गाचं जे बाह्यवळण पुण्याला बगल देऊन जातं, त्याच्या कडेला वाकड आणि पुनावळ्याच्या शेजारी हे गाव आहे. जुन्या माणसांना विचाराल तर गावाच्या खुणा दोन: नृसिंहाचं देऊळ आणि सरकारचं वळूंचं प्रक्षेत्र. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. कॉलेजं आली, कॉलेजांमागून टॉवर आले. टॉवरमधल्या माणसांची लग्नं लॉन्सवर होतात आणि लॉन्सचा मांडव लॉन्सवाल्याचाच असतो. मेहुण्यांनी दोन वर्षं कनाती घड्या घालून ठेवल्या, तिसऱ्या वर्षी त्या विकल्या आणि ते मुलाकडे कॅनडाला निघून गेले. जाताना म्हणाले, "दाजी, तेवढा ट्रक राहिलाय. गिऱ्हाईक बघून देऊन टाका. आलेले पैसे माझ्या खात्यात भरा आणि ताईला एक साडी घ्या."

नृसिंहाचा उल्लेख मी उगीच केलेला नाही. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आपल्याला ठाऊकच आहे. माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. देवाने तो वर मोडला नाही. अर्धा माणूस, अर्धा सिंह होऊन, तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर काम उरकलं. म्हणजे आमच्या गावचं दैवतच मुळी कलमाचा शब्द पाळून कलमातून वाट काढणारं. अशा गावात फ्लॅट घेऊन राहिलं की थोडे संस्कार होणारच.

तर तो ट्रक. २००६ सालचा, सहाचाकी, छोटा. कपाळावर 'आईचा आशीर्वाद' आणि पाठीवर 'हॉर्न प्लीज'. वर्षभर तो प्लॉटच्या कोपऱ्यात पावसापाण्यात उभा होता. अधूनमधून मेहुण्यांचे जुने ड्रायव्हर मामा येऊन तो चालू करून एक फेरी मारत. एका रविवारी मीही शेजारी बसलो. मामांनी गाडी मागे घेतली, थांबवली आणि पहिला गिअर टाकून पुढे काढली. त्याच क्षणी सीटखालून कुठून तरी 'कट्ट' असा आवाज आला. एखाद्या म्हाताऱ्याने पाटावरून उठताना गुडघा वाजवावा तसा.

"काय झालं?" मी विचारलं.

"क्रॉस बोलतोय," मामा म्हणाले.

बायपासच्या सर्व्हिस रस्त्याला पत्र्याची एक शेड आहे. तिथल्या वस्तादांकडे ट्रक नेला. वस्ताद गोणपाट अंथरून खाली सरकले, आणि मग आतून आवाज आला, "साहेब, या ना खाली, बघा." आयुष्यात पहिल्यांदा मी ट्रकखाली स्वखुशीने गेलो. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे सांगाड्याला घट्ट बसवलेले असतात. मागची चाकं कमानपाट्यांवर सारखी वरखाली नाचत असतात. पुढचं फिरणं मागे पोचवायला मध्ये लांब पोलादी नळी असते, तिला शाफ्ट म्हणतात. आता एक टोक स्थिर आणि दुसरं नाचतं. मग सरळ दांडा टिकणार कसा? म्हणून दोन्ही टोकांना एकेक सांधा. इंग्रजीत त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, म्हणजे साक्षात विश्वसंधी. गॅरेजात नुसता 'क्रॉस', कारण तो गणितातल्या अधिक चिन्हासारखा दिसतो. चार हात, प्रत्येक हाताला एक टोपी, टोपीच्या आत उभ्या रचलेल्या पोलादी सुया. एक बेचकं दोन हात धरतं, आडवं दुसरं बेचकं उरलेले दोन हात धरतं. दोघांनी एकमेकांना काटकोनात धरलेलं असल्यामुळे वाकून का होईना, फिरणं पुढे जातं.

वस्तादांनी शाफ्ट हाताने हलवला. मागचा क्रॉस जागेवर खुळखुळला. टोपीच्या कडेने तांबूस पूड गळली होती. "ग्रीस संपलं, आत पाणी गेलं, सुया गंजून पीठ झाल्या. मागचा गेलाय. पुढचा जायच्या वाटेवर आहे. दोन्ही टाका."

रात्री कॅनडाला फोन लावला. मेहुणे हसले. "दाजी, विकायच्या गाडीला कोण नवीन क्रॉस टाकतं? गच्च ग्रीस मारून घ्या. आठ-पंधरा दिवस आवाज येत नाही. तेवढ्यात गाडी जाते."

आता बघा, ग्रीस मारणं हे काही पाप नव्हे. ते तर पुण्यकर्म आहे. गॅरेजात वेळच्या वेळी ग्रीस मारणाऱ्या मालकाची मुलाबाळांना उदाहरणं देतात. मी स्वतः कुणाला काही खोटं सांगणार नव्हतो. फक्त एका तहानलेल्या सांध्याला ग्रीस पाजणार होतो. वस्तादांनी माझ्याकडे जरा बघितलं, काही बोलले नाहीत (तेही माझ्याच पंथातले असावेत) आणि ग्रीसगन निपलला लावून चार-सहा दणके दिले. 'कट्ट' बंद झालं. गाडी अशी मुकाट्याने चालायला लागली, की तिची आणि माझी एकदम ओळख पटली.

चार दिवसांनी गिऱ्हाईक आलं. पंचविशीचा मुलगा, लातूरकडचा. चाकणला कुणाकुणाच्या गाड्यांवर सहा वर्षं ड्रायव्हरकी केलेली. आता स्वतःची गाडी घ्यायची होती. थोडी शिल्लक, थोडं पतसंस्थेचं कर्ज आणि उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. सांगणारी माणसं मला नेहमीच अवघड वाटतात. त्याने टायर बघितले, इंजिनाला कान लावला, वाकून खाली नजर टाकली, एक चक्कर मारून आला आणि घासाघीस करून मेहुण्यांच्या आकड्यातून बरोबर दहा हजार उतरवून घेतले. इसार दिला. म्हणाला, "काका, चाकणहून माल भरायचा आणि घाट उतरून खाली पनवेलकडे. महिन्यातून दहा-बारा खेपा झाल्या तरी हप्ता सुटतो." आणि मग निघता निघता, चप्पल पायात सरकवत, सहज बोलावं तसं बोलला, "काका, गाडीत अजून काही असेल तर सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत, तर सगळं बरं आहे असं मी धरून चालतो."

मला खोकला आला.

खोकला खरा होता. सुरुवातीचा तरी. तो बराच वेळ चालला. मुलाने घरात जाऊन हिच्याकडून पाणी आणून दिलं, "जपा काका" म्हणाला आणि गेला.

रात्री झोप लागेना, तेव्हा मी माळ्यावरून कायद्याचं जुनं पुस्तक काढलं. बढतीच्या आशेने मी रात्रीच्या कॉलेजात कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलो होतो, त्यामुळे करारांचा कायदा माझा इतरांपेक्षा दुप्पट पक्का आहे. १८७२ चा हा कायदा. त्याच्या सतराव्या कलमात, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं माझ्या जन्माच्या किती तरी आधी माझ्या बाजूने लिहून ठेवलेलं आहे. सोबत उदाहरण दिलंय ते घोड्याचं. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. मला इतकं बरं वाटलं, की मी हिला उठवून तो घोडा वाचून दाखवणार होतो.

पण पापी माणसाने पान उलटू नये. घोड्याची गोष्ट तिथे संपत नाही. पुढचं उदाहरण असं, की घोडा घेणारी मुलगी विकणाऱ्याचीच आहे आणि नुकती सज्ञान झालेली आहे. तिथे नातंच असं आहे की बापाने सांगितलं पाहिजे. मला तो पोरगा 'काका' म्हणाला होता. आता आपल्याकडे 'काका' भाजीवाल्यालाही म्हणतात, हा बचाव मी लगेच मांडून ठेवला. तिसऱ्या उदाहरणापुढे मात्र माझं काही चाललं नाही. घेणारा विकणाऱ्याला म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरतो. विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणं हे बोलल्यासारखंच आहे.

लातूरचा तो पोरगा कायद्याच्या कॉलेजात गेलेला नव्हता. मग चप्पल घालता घालता त्याने ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं कसं उच्चारलं, हे मला कळेना. खोकल्याबद्दल कायद्यात उदाहरण आहे का, हे मी पहाटेपर्यंत शोधलं. नाही.

खरी चीड माझी मलाच आली ती वेगळ्या कारणाने. मी विम्याच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली. विम्याचा धंदा परम सद्भावावर चालतो. अर्ज भरणाऱ्याने आपणहून सगळं सांगायचं असतं, न विचारलेलंही. मधुमेह लपवला, दम्याचा विषय काढलाच नाही, अशा किती फायली मी टेबलावर आपटून म्हटलंय, "अहो, गप्प बसलात म्हणजे लपवलंतच की!" समोर कधी विधवा बाई असायची. त्या वेळी मला घोडा आठवला नव्हता.

सकाळी चहा घेताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्या लग्नाच्या वेळी तुमच्या आईंनी सांगितलं होतं, मुलगा अगदी शांत आहे. घोरतो ते कुणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

"तेच म्हणते. पण तुम्ही घोरलात म्हणून मी घाटातून खाली पडले नाही."

बायकांचा युक्तिवाद असाच असतो. अर्धा रस्ता आपल्या बाजूने चालून येतात आणि मग वळतात. मी तडक वस्तादांकडे गेलो आणि विचारलं, "हा क्रॉस तुटला तर काय होतं?"

वस्ताद बिडी विझवून म्हणाले, "पुढचा तुटला तर शाफ्टचं तोंड रस्त्यावर पडतं, खड्ड्यात रुततं आणि गाडीला उचलून फेकतं. मागचा तुटला तर शाफ्ट खाली गरागरा फिरत जे सापडेल ते झोडपतो. ब्रेकचा पाइप सापडला तर ब्रेक गेला. आणि काही नाही झालं तरी इंजिनाची चाकांवरची पकड सुटतेच. घाटात भरलेली गाडी गिअरवर धरून उतरवतात साहेब. गिअर धरायचंच थांबलं तर सगळा भार ब्रेकवर." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "कुठं चालवणारे पोरगा?"

मी सांगितलं. वस्ताद काही बोलले नाहीत. गप्प बसण्याचेही प्रकार असतात. हा मला ऐकू आला.

आपल्याकडे या विषयावर धर्मराजाला विचारायची पद्धत आहे. पण त्यांचाही अनुभव असा, की जमिनीपासून चार बोटं वरून चालणारा त्यांचा रथ 'नरो वा कुंजरो वा'नंतर खाली टेकला. तोवर त्या रथाला खड्डे नव्हते, धक्के नव्हते, म्हणजे सांध्यांची झीजही नसणार. त्या दिवसापासून हस्तिनापुरात ग्रीसचा खर्च सुरू झाला असावा. आणि धर्मराज निदान काहीतरी बोलले होते. मी नुसता खोकलो होतो.

"दोन्ही क्रॉस टाका," मी वस्तादांना म्हटलं. "पैसे माझे." हे म्हणताना मला फार उदात्त वाटलं, आणि लगेच त्यातली मेख लक्षात आली. मेहुण्यांच्या पैशातून ते केलं असतं तर मी मेहुण्यांच्या खर्चाने प्रामाणिक झालो असतो. दुसऱ्याच्या पैशाने प्रामाणिक होणं स्वस्त पडतं. पण त्यांना न विचारता त्यांची गाडी दुरुस्त करून घेणं, तेही त्यांनी 'नको' म्हटलेलं असताना, हे तरी कशात बसतं? सांधा एकच, पण तो दोन बाजूंनी धरलेला असतो, हे मला तेव्हा पुरतं उमगलं.

काम सुरू झालं. मी हाताखाली उभा राहिलो, म्हणजे अडथळा करत राहिलो. वस्तादांनी गाडी सपाट जागी लावली, चाकांना पुढून-मागून दगड लावले, आणि पहिलं काम म्हणजे शाफ्टवर आणि बेचक्यांवर खडूने खुणा केल्या. "जसा होता तसाच बसला पाहिजे. एक दात इकडचा तिकडे झाला तरी गाडी थरथरते." याचं कारण मला माहीत होतं, तेवढं एकच. वाकून फिरणारा सांधा फिरणं जसंच्या तसं पोचवत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो पुढच्याला जरा घाईने फिरवतो आणि दोनदा जरा सावकाश. पहिल्या क्रॉसने केलेली ही चूक दुसरा क्रॉस बरोबर उलटी करून फेडतो. मात्र दोघांची बेचकी एका रेषेत हवीत आणि दोघांचं वाकणं सारखं हवं. संसार काय वेगळा असतो, असं मी म्हणणार होतो, पण वस्ताद तेव्हा घण उचलत होते.

फ्लँजचे बोल्ट सुटले, शाफ्ट खाली आला. गंजलेल्या सर्क्लिपांनी अर्धा तास खाल्ला. मग एका बाजूच्या टोपीवर लोखंडी तुकडा ठेवून घणाचे घाव, की समोरची टोपी बाहेर. आतून सुया नव्हे, तांबडी तपकीर निघाली. क्रॉसचा हात पुसून वस्तादांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर नखाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या, एकाच बाजूला. सुया पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी थोड्या झुलतात आणि भार त्याच त्या रेघांवर येत राहतो, म्हणून.

तिथे वस्तादांनी एक गोष्ट सांगितली ती मला फारच सोयीची वाटली. "साहेब, क्रॉस कधी अगदी सरळ रेषेत नसतो बसवत. एकदम सरळ असला की सुया हलतच नाहीत, मग लवकर खातो. थोडा वाकडेपणा लागतोच." मी खिशातून पेन काढून हे वाक्य लिहून घेतलं. जगाच्या इतिहासात सरळपणाविरुद्ध इतका भक्कम तांत्रिक पुरावा कुणी दिला नसेल! मग त्यांनी पुढचं सांगितलं, "थोडा म्हणजे अंशभर. जास्त वाकवला तर तुटतो." मी पेन खिशात ठेवलं.

मधल्या वेळात, चहा येईपर्यंत, मी वस्तादांना या सांध्याच्या थोरल्या चुलत्याची हकीकत सांगितली. युरोपात याला कार्डन म्हणतात, इटलीतल्या कार्डानोच्या नावावरून. हा माणूस १५०१ साली जन्मला. वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि अट्टल जुगारी. (हा सांधा गाडीत घालण्याइतका वळणावर आणला तो पुढच्या शतकात इंग्लंडच्या हूकने, पण नाव कार्डानोचं चिकटलं.) त्याची खरी प्रसिद्धी दुसऱ्याच गोष्टीची. तार्ताग्लिया नावाच्या गणित्याकडे घन समीकरणं सोडवायची गुप्त युक्ती होती. कार्डानोने १५३९ मध्ये, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन ती काढून घेतली. आणि १५४५ साली पुस्तकात छापून टाकली. त्याचं म्हणणं, हीच युक्ती आधी आणखी एकाला सापडली होती, मग शपथ कसली? तार्ताग्लियाने आयुष्यभर शिव्या दिल्या.

"म्हणजे," वस्ताद बशीतला चहा फुंकत म्हणाले, "त्याला गप बसायचं होतं ते बसला नाही, आणि तुम्हाला बोलायचं होतं ते बोलला नाहीत."

गॅरेजात इतिहास सांगू नये.

नवा क्रॉस बसवताना एक टोपी काही केल्या आत जाईना. मी म्हटलं, "जरा जोरात मारा." वस्तादांनी घण खाली ठेवला, टोपी परत काढली. आत एक सुई निसटून तळाला आडवी पडली होती. "आता मारला असता तर टोपी फुटली असती." त्यांनी बोटाने ग्रीस लावून सुई पुन्हा उभी चिकटवली, टोपी हाताने दाबली, ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. सर्क्लिपा बसल्या, खुणा जुळल्या, बोल्ट आवळले. शेवटी दोन्ही क्रॉसना ग्रीसगन लावून, टोप्यांच्या कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस मारलं. माल, मजुरी आणि माझं इतिहासकथन धरून तीन हजारांच्या आतबाहेर बिल झालं.

रविवारी मुलगा उरलेले पैसे घेऊन आला. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "हे बघ, त्या दिवशी मी तुला एक सांगितलं नाही. मागचा क्रॉस गेलेला होता. पुढचाही..."

"माहीत आहे काका."

"माहीत आहे? कसं? आवाज तर..."

"आवाज नव्हता. पण सगळी गाडी वर्षाच्या धुळीनं भरलेली आणि एकट्या क्रॉसवर ताजं ग्रीस. म्हातारीनं एकाच डोळ्यात काजळ घातल्यासारखं दिसत होतं. म्हणून तर दहा हजार पाडून घेतले."

मी खुर्चीत बसलो. माझ्या नैतिक प्रश्नाला रात्री-पहाटे कुशीत घेऊन जागलो, आणि त्याची किंमत बाजारात आधीच लागून गेली होती. "अरे, मग तसं विचारलंस कशाला? काही असेल तर सांगा म्हणून?"

"बघत होतो, सांगता का."

"आणि मी सांगितलं नाही."

"नाही."

"तरी इसार परत मागितला नाहीस?"

मुलगा थोडा विचार करून म्हणाला, "सगळेच खोकतात काका. सहा महिने गाड्या बघतोय. कुणी खोकतं, कुणाला फोन येतो, कुणी आतून चहा सांगतं. तुम्ही लई वेळ खोकलात. मला वाटलं, या माणसाला त्रास होतोय."

माझ्या बासष्ट वर्षांच्या चारित्र्याचं इतकं अचूक मूल्यमापन कुणी केलं नव्हतं. मी त्याला गाडीखाली नेऊन नवे क्रॉस दाखवले. त्याने हात घालून शाफ्ट हलवला, खडूच्या खुणा बघितल्या, "बेस बसवलेत" म्हणाला. आणि मग बाहेर येऊन हात पुसता पुसता तो स्वतःच गप्प झाला. मला ते गप्प बसणं ओळखू आलं. दहा हजार त्याने क्रॉसच्या नावाने पाडले होते आणि क्रॉस आता नवे होते. मी काही बोललो नाही. घोड्याच्या पाठोपाठ कायद्यात दोन व्यापाऱ्यांचं चौथं उदाहरण आहे. भाव बदलल्याची खबर एकाकडे असली तरी त्याने ती दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नाही. त्या उदाहरणाप्रमाणे पोरगा मोकळा होता, पहिल्या दिवसापासून.

"मागच्या क्रॉसचे मी देतो," शेवटी तो म्हणाला. "पुढचा तुमचा."

मी 'नको' म्हणणार होतो. पण गप्प बसलो. त्याने पैसे मोजून दिले, मी घेतले. मग त्याने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हिच्या पाया पडला, माझ्याही पडला आणि ट्रक मागे घेऊन पहिला गिअर टाकला. मी कान टवकारले. काही नाही.

संध्याकाळी, दिवेलागणीला, मी दारात उभा असताना कॅनडाहून फोन आला. तिकडे सकाळ होती.

"दाजी, पैसे मिळाले. दहा हजार कमी कसे?"

"घासाघीस केली रे पोराने."

"आवाज तर नाही ना ऐकू आला त्याला?"

"छे. आवाज अजिबात येत नव्हता."

"ग्रीस मारलं होतंत ना नीट?"

"मारलं की," मी म्हटलं. "दोनदा मारलं. दुसऱ्यांदा तर पुढच्या क्रॉसलाही."

"मग झालं," मेहुणे खूश होऊन म्हणाले. "तुम्हाला उगाच काळजी." फोन ठेवून मी वळलो तर ही आतल्या बाजूला निरांजन घेऊन उभी होती आणि माझ्या कानांकडे बघत होती. मी हात लावून पाहिला. गरम होता. फोन इतका वेळ धरला की कान तापतोच, असं मी तिला समजावून सांगितलं.